उंबऱ्याबाहेरचा लॅपटॉप

माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत नवऱ्यानं मला निदान चारशे वेळा पणाला लावलंय. पाहुणा दुसरा चहा नको म्हणाला, की हा म्हणणार, "माझ्यावर तलाक, चहा घेतल्याशिवाय उठलात तर!" मासेवाला मासा ताजा आहे म्हणाला, की "माझ्यावर तलाक, हा परवाचा नसेल तर!" एकदा टॅक्सीचं भाडं कुणी द्यायचं यावरून हा आणि याचा दोस्त दोघंही तीच शपथ घेऊन बसले. शेवटी टॅक्सीवालाच हात जोडून म्हणाला, "उतरा हो दोघं, दोन संसार मोडल्याचं पाप माझ्या माथी नको."

इजिप्तमधल्या आमच्या तांता शहरात पुरुषांच्या तोंडी हा शब्द विडीसारखा असतो. बायका हसतात आणि सोडून देतात. मला नाही हसू येत. मी नोंदणी कचेरीत कारकून आहे. खऱ्या तलाकाचे कागद माझ्याच टेबलावरून जातात आणि शिक्काही मीच मारते. त्या कागदांपुढे बसलेल्या बायकांचे चेहरे मी पाहिलेत. म्हणून माझ्या नवऱ्याच्या, बसयूनीच्या तोंडून तो शब्द निघाला की माझ्या मस्तकात तिडीक जाते. पण बोलून उपयोग काय? तो म्हणणार, "अगं इंशिराह, बोलायची पद्धत असते." मेली ती पद्धत!

तर या पद्धतीनं यंदा आमच्या घरात काय गोंधळ घातला ते ऐका.

आमची यम्ना, एकुलती एक. निकाल लागला आणि तिला मन्सूराच्या आर्किटेक्चर कॉलेजात जागा मिळाली. गल्लीभर सरबत वाटलं. जीभ हलवत मी आनंदाच्या आरोळ्या, झगारीद, अशा दणदणीत घातल्या की चौथ्या मजल्यावरची कबुतरं उडाली. बसयूनी मात्र गप्प गप्प होता. तो गाद्या भरतो. घराखालीच त्याचं दुकान आहे, आणि नवरीच्या गाद्या त्याच्याच हातच्या हव्यात म्हणून लोक महिना महिना थांबतात. दुसऱ्या दिवशी तो दुकान बंद करून कैरोला गेला, कुणालाही न सांगता.

संध्याकाळी परत आला तो अख्खा कंप्युटर घेऊन. मोठा, टेबलावरचा, कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतला. पडदा पोटाशी धरून आणि डबा दोन पायांत आवळून तो तांत्यापर्यंत आगगाडीत बसून आला होता. स्टेशनापासून घरापर्यंत आणि मग तीन मजले, सगळं स्वतःच्या पाठीवर. मी हात लावायला गेले तर ओरडला, "सोड! पाडशील!" घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि चेहरा असा फुलला होता, की मी म्हटलं, निकाल याचाच लागलाय की काय!

खिडकीजवळ टेबल लावलं. खुर्चीवर त्यानं नव्या कापसाची उशी भरून ठेवली. यम्नानं बटण दाबलं, पडदा उजळला आणि ती बापाच्या गळ्यातच पडली. पण मी आई आहे. गळ्यात पडल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बापाला दिसलं नाही, मला दिसलं.

रात्रीची भांडी घासताना मी विचारलं, "काय झालं गं?"

"आई, कॉलेजात स्वतःचा लॅपटॉप न्यावा लागतो. चित्रशाळेत त्याच्यावरच काढायचं असतं सगळं. यादीत लिहिलंय, पहिल्या रविवारपासून. ज्याच्याकडे नसेल त्याची जागा पुढच्या नंबराला देतात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? पाहिलंस ना, पाठीवर घेऊन आले ते."

मी म्हटलं, मी सांगते, चार दिवस जाऊ देत, जरा निवांत बघून. माझं चुकलं. त्याच रात्री सांगायला हवं होतं. कारण शुक्रवारी माझा भाऊ जेवायला आला.

माझा भाऊ खमीस म्हणजे मनाचा राजा आणि तोंडाचा गाढव. मुलुखियाची पातळ भाजी आणि भात ताटात पडेपर्यंत बरा होता. मग त्याची नजर खिडकीकडे गेली.

"हे काय बसयूनी? फ्रीज घेतलास वाटतं नवा?"

"कंप्युटर आहे," बसयूनी म्हणाला.

"कुणाचा? पिरॅमिडवाल्या फिरऔनाचा?" खमीस स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. "अरे बाबा, पोरगी काय रोज हे डोक्यावर घेऊन मन्सूराला जाणार? आजकाल कॉलेजात लॅपटॉप लागतो, लॅपटॉप! माझ्या पोराकडे, तारिककडे, कुवेतला एक नवा कोरा पडलाय. पुढच्या आठवड्यात तो येतोय, घेऊन येईल. यम्नाला माझ्याकडून भेट. आणि हे धूड वीक भंगारात."

मी टेबलाखालून खमीसच्या पायावर पाय दिला, पण तो थांबेल तर ना! पुढं म्हणाला, "आणि लॅपटॉप असला की रोज दोन-दोन तास गाडीत कशाला घालवायचे? तिथंच वसतिगृहात राहील, मजेत. काय गं यम्ना?"

यम्नानं मान वर केली नाही. पण नाहीही म्हणाली नाही. बापानं ते बरोब्बर टिपलं.

बसयूनीनं चमचा खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले, आणि कान लाल झाले की पुढं काय येणार हे मला पाठ आहे. मी म्हटलं, "अबू यम्ना, यम्नाच्या बापा, नको..." पण तोवर आलंच ते.

"माझ्यावर तलाक, तिन्ही वेळा, या घराच्या आत लॅपटॉप आला तर!"

खमीसनं उचललेला घास परत ताटात ठेवला. यम्ना उठून आत गेली. मी मुलुखियाचं पातेलं उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन आपटलं. चहाच्या कपावरून शपथ घेतली तर पाहुणा कप उचलतो आणि शपथ सुटते. इथं कोण उचलणार? लॅपटॉप घरात आला तर माझा संसार जातो, नाही आला तर पोरीची जागा जाते. शाब्बास रे माझ्या वाघा!

पुढचे चार दिवस आमचं बोलणं बंद. मी त्याला एवढंच म्हटलं, "मशिदीत जा, मौलानांना विचार, शपथेतून सुटायची काय वाट असेल ती." तर म्हणतो, "पुरुषानं शब्द दिला की दिला." मी म्हटलं, "मासेवाल्याला दिलेला शब्द पण?" त्यावर तरातरा जिना उतरून गेला. तो दुकानात कापूस पिंजत बसायचा आणि एवढ्या जोरात पिंजायचा, की गल्लीत कापूस उडायचा.

गुरुवारी दुपारी बसयूनी गादी पोचवायला गेलेला बघून खमीस जिना चढून आला. काखेत लॅपटॉप. दारापाशी येऊन असा थबकला, जणू उंबऱ्यावर साप बसलाय.

"ताई, मी आत येऊ का? म्हणजे याला घेऊन?"

"खबरदार!" मी ओरडले. "एक पाऊल टाकशील तर! माझं बावीस वर्षांचं लग्न आहे, काखेत धरून आत आणायची वस्तू नाही ती."

यम्ना रडवेली झाली. "आई, शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी पहिला वर्ग आहे. मी अजून उघडूनही पाहिलेला नाही. जिन्यात बसून शिकू का?"

जिन्यात बसायला हरकत नव्हती, पण जिन्यात प्लग नाही. खालच्या मजल्यावरच्या एव्हलीन मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, माझ्या घरी ठेव. पण त्यांच्याकडे गेला आठवडाभर रंगकाम चाललेलं, चुन्याची धूळ सगळीकडे. वर त्यांनी मला टोमणाही हाणलाच, "उम्म यम्ना, आमच्या चर्चात तलाकच मिळत नाही. त्यामुळे आमचे पुरुष बिचारे शपथा घेणार तरी कशाच्या!"

तेवढ्यात यम्नाची नजर गॅलरीकडे गेली. तिथं दोरीला बांधलेली आमची टोपली होती, जिच्यातून मी रोज खालून भाजी, पाव, काय हवं ते वर ओढून घेते.

"आई," ती म्हणाली, "टोपली कठड्याच्या बाहेर असते. बाहेर म्हणजे घरात नव्हे ना?"

मी विचार केला. कठडा आमचा. कठड्यापलीकडची हवा काही बसयूनीच्या बापाची नाही. मी म्हटलं, "खमीस, खाली जा, टोपली सोडते."

अशा रीतीनं लॅपटॉप तीन मजले वर आला, पण आत आला नाही. टोपलीत मी जुनी चादर दुमडून घातली होती. दोरी कठड्याला दोन वेढे देऊन बांधली. यम्ना आत खुर्ची घेऊन बसली आणि कठड्यावरून हात बाहेर काढून टोपलीत टाइप करू लागली. आतून वायर सोडून लॅपटॉपला जोडली. वायरीवरून माझ्या मनात जरा शंका आली, पण यम्ना म्हणाली, "वीज बाहेर जातेय आई, आत काही येत नाहीये." पोरगी शिकणार, यात मला काही शंका नाही.

गुरुवार पार पडला, संध्याकाळी खमीस लॅपटॉप परत घेऊन गेला. शुक्रवारी बसयूनी नमाजाला गेल्यावर खमीसनं जाता जाता तो टोपलीत ठेवला आणि पुन्हा टोपली बाहेर. यम्नानं पहिलं चित्र काढलं, एक छोटंसं घर, आणि मला दाखवायला टोपली वळवली. मी म्हटलं, "याला गॅलरी दे बाई, मोठी. आणि कठडा रुंद कर, म्हणजे हात दुखणार नाहीत." दोघी अशा हसलो की वेळेचं भानच राहिलं नाही.

"इंशिराह!"

खाली गल्लीत बसयूनी उभा होता, मान वर करून, तोंड उघडं टाकून. यम्ना दचकली. तिचा कोपर टोपलीला लागला, वेढे सुटले आणि टोपली सुंईकन खाली गेली. वायर फटकन निसटून आत आली. मी झेप घालून दोरीचं टोक पकडलं, तळहात सोलवटून निघाले. टोपली एक मजला खाली जाऊन एव्हलीन मावशींच्या कपडे वाळत घालायच्या तारांवर तिरकी बसली. त्यांच्या चादरींचे चिमटे एकेक करून तडतड उडायला लागले.

एव्हलीन मावशी झाडू घेऊन बाहेर आल्या. टोपली सर्वांत बाहेरच्या तारेवर होती आणि मावशी सत्तरीच्या, साडेचार फूट. त्यांनी झाडूनं जराशी ओढायला बघितली, तर टोपली आणखी कलली आणि लॅपटॉपचा कोपरा बाहेर डोकावला. खाली सोडावी तर खाली तारा. बाजूनं घ्यावी तर हात पुरत नाही. एकच वाट होती, सरळ वर ओढायची. आणि वर म्हणजे कुठं? कललेली टोपली पुन्हा कठड्याबाहेर टांगता येणार नव्हती, थेट आत घ्यावी लागणार, आमच्या घरात.

गल्ली जमली. खाटीक आला, इस्त्रीवाला आला, समोरच्या तिन्ही गॅलऱ्या भरल्या. बसयूनी दुकानात धावला आणि कुणा नवरीची नवी कोरी गादी ओढत आणून बरोब्बर टोपलीच्या खाली अंथरली. मग हात पसरून तिच्यावर उभा राहिला.

"ओढ वर!" तो ओरडला.

"नाही ओढणार!" मी ओरडले.

"अगं पडेल ना तो!"

"पडू दे! वर ओढला की घरात येणार. घरात आला की मी कोण? आधी ते सांग!"

"आई, ओढ ना गं!" यम्ना माझा हात धरून रडत होती. "माझी जागा जाईल आई!"

तिच्या रडण्यानं माझं काळीज पिळवटलं, खोटं कशाला सांगू? दोरी हाताला कापत होती. पण मी म्हटलं, आज नाही. चारशे वेळा गिळलंय मी. आज हा माणूस उत्तर देईल, आणि सगळ्या गल्लीसमोर देईल, कारण शपथ घेताना तो काही कानात कुजबुजला नव्हता.

नशीब आमचं, की नमाज नुकताच संपला होता. आमच्या मशिदीचे मौलाना, शेख अब्दुल-बारी, घरी निघाले होते, ते गर्दी पाहून थांबले. खाटकानं त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मौलानांनी वर टोपलीकडे पाहिलं, खाली गादीकडे पाहिलं, आणि दाढीवरून हात फिरवला.

"बसयूनी, गादीवरून खाली उतर. माझ्यासमोर उभा राहा."

तो उतरला.

"शपथ घेतलीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं? बायकोला खरोखर सोडायचं होतं?"

"तोबा, मौलाना! नाही हो."

"मग काय होतं? नीट सांग. शपथेचा निकाल त्याच्यावर ठरतो. आणि मोठ्यानं सांग, जिच्याबद्दल बोललास ती तिसऱ्या मजल्यावर आहे."

बसयूनीनं आजूबाजूला पाहिलं. खाटीक, इस्त्रीवाला, समोरच्या बायका, सगळे कान टवकारून. तो पायातल्या चपलेकडे बघत राहिला. एक चिमटा तड्कन उडून त्याच्या डोक्यावर पडला.

"पोरगी जाईल म्हणून," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं," मौलाना म्हणाले.

"पोरगी जाईल म्हणून, मौलाना!" आता त्याचा आवाज चढला आणि चढता चढता फाटला. "तो मोठा कंप्युटर टेबलावरून हलत नाही. मुद्दाम तोच आणला मी. म्हटलं, त्याच्यापुढे बसायचं तर तिला रोज घरी यावंच लागेल. हा पातळ आला की ती काखेत मारणार आणि जाणार मन्सूराला, वसतिगृहात. गुरुवारी येईल, शनिवारी जाईल, पाहुण्यासारखी. अठरा वर्षं संध्याकाळी तिचा आवाज ऐकत जिना चढलोय मी. मग मी घरी यायचं कुणासाठी?"

गल्लीत कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी यम्नाचं रडणं थांबलं. पण माझ्या तोंडाला कधी कुलूप लागलंय?

"कुणासाठी म्हणजे?" मी वरून ओरडले. "मी काय खुंटीला टांगलेली पिशवी आहे का?"

अख्खी गल्ली फुटली. एव्हलीन मावशी झाडूवर रेलून हसत होत्या. बसयूनीनं मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुझ्यासाठी तर येतोच!" तो ओरडला, चिडूनच. "तू नसलीस तर मी जिनाच कशाला चढू? दुकानातच झोपेन की गाद्यांवर! तुला सोडून मी जाणार कुठं, वेडे? मला चहासुद्धा तुझ्याच हातचा गोड लागतो!"

बावीस वर्षांत या माणसानं मला असलं एक अक्षर ऐकवलं नव्हतं. आणि ऐकवलं ते खाटकासमोर.

मौलाना म्हणाले, "पुरे. मनात तलाक नव्हता, फक्त लॅपटॉप अडवायचा होता. म्हणजे ही नुसती शपथ झाली आणि शपथ मोडता येते. तलाक होत नाही. दहा गोरगरिबांना पोटभर जेवू घाल आणि सुट." मग ते गल्लीकडे वळले. "आणि तुम्ही सगळे हसू नका. इथं एकही पुरुष असा नाही, ज्यानं बायकोला चहाच्या कपात बुडवलेलं नाही. खाटीकमहाराज, विशेष करून तुम्ही."

खाटीक घाईघाईनं दुकानाकडे चालू लागला.

"उम्म यम्ना," मौलाना म्हणाले, "ओढा दोरी."

मी ओढली. यम्नानं माझ्या हातांवर हात ठेवून ओढली. टोपली तारांवरून सुटली, एकदा गरकन फिरली, सगळी गल्ली "या सत्तार, सांभाळ रे देवा!" म्हणून ओरडली, आणि मग ती हळूहळू वर आली, कठड्यावरून आत, घरात. यम्नानं लॅपटॉप उचलून छातीशी धरला आणि चालतोय का बघायला आत पळाली. टेबलावर बापाच्या कंप्युटरशेजारीच तिनं तो ठेवला. "बाबा!" ती आतूनच ओरडली, "चालतोय! आणि मोठी चित्रं तुमच्याच कंप्युटरवर काढणार मी, दर गुरुवारी, याचा पडदा पुरायचा नाही!"

मी गॅलरीतच उभी राहिले. तळहात चरचरत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात धड नव्हते. खाली लोक पांगले. बसयूनी एकटाच गल्लीच्या मधोमध उभा होता, मान वर करून, तसाच.

"आला का आत?" त्यानं विचारलं.

"आला."

त्यानं गादीवर पडलेला एक चिमटा उचलून खिशात टाकला.

"आणि तू? तू आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं. "ये वर. चहा टाकते."